बर्लिनमधली खानावळ

बर्लिनहून परत येऊन चार-पाच महिने झाले. फोटो सगळ्यांना पाठवून झाले, चॉकलेटं वाटून संपली, तरी फोनवर एक प्रश्न अजून येतोच, "तिथे जेवणाचं कसं केलंत हो?" मी आपली "सगळं मिळतं तिथे" म्हणून सटकते. खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्यात आपल्या घरातली एक जुनी गोष्ट येते, एक नवीही येते. म्हणून आज नीट बसून लिहिते आहे. नातेवाईक मंडळींना विनंती, की शेवटपर्यंत वाचावं. मधेच फोन करू नये.

तर २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो. तिचं घर क्रॉइत्सबेर्ग भागात, कालव्यापासून पाच मिनिटांवर. घराखालीच एक तुर्की खाण्याचं दुकान. दुकान म्हणू की हॉटेल, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आठ-दहा टेबलं, काचेच्या कपाटात मांडलेली भाज्यांची भांडी, दारापाशी उभ्या सळईवर फिरणारा मांसाचा भला मोठा लगदा, आणि खिडकीशी एक म्हातारी बसलेली. डोक्याला रुमाल, पुढ्यात गोल बुटका पाट, हातात आपल्या लाटण्यापेक्षा दुप्पट लांब आणि निम्म्या जाडीचं लाटणं. ती पातळ पोळी लाटायची, त्यात पालक नाहीतर बटाटा भरून घडी घालायची आणि तव्यावर टाकायची. येताजाता मी तिच्याकडे बघायचे. चाळीस वर्षं शाळेत खडू धरला तरी लाटणं काही हातातून सुटलं नाही, त्यामुळे दुसरीच्या हाताकडे लक्ष जातंच. ती चांगली लाटायची. कडा कुठे जाड नाही.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी जावयांनी कुठल्याशा मोठ्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. ऐन वेळी आमच्या नातवाने भोकाड पसरलं, की त्याला खालच्या आजीकडेच जायचंय. "खालची आजी" हे ऐकून माझ्या पोटात जरा कालवलं, खोटं कशाला सांगू! पण तो सात वर्षांचा, त्याला भूक लागलेली. गेलो खाली.

आता शनिवार म्हणजे आमच्या ह्यांचा वार. मासे-मटण बंद. कबाबच्या दुकानात जाऊन ह्यांनी विचारलं, "भात आहे का?" लेक म्हणाली, "बाबा, आहे." तिने आधी सूप मागवलं, त्यात मटणाचं पाणी नाही ना हे दोनदा विचारून घेतलं. सूप आलं ते केशरी रंगाचं, वर लाल तिखटाचं लोणी सोडलेलं, बाजूला लिंबाची फोड. ह्यांनी एक चमचा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही मसुराची आमटी आहे." होतीच. मसूर डाळ शिजवून घोटलेली, वर सुका पुदिना. चिंच-गूळ नाही, गोडा मसाला नाही, पण लिंबू पिळल्यावर जी चव आली ती दापोलीच्या आमच्या स्वयंपाकघरापासून फार लांब नव्हती. तिला ते मेर्जिमेक चोर्बा म्हणतात. चोर्बा म्हणजे आपला शोरबा. पाठोपाठ ताक आलं. आयरान म्हणतात, मीठ घातलेलं, फेसाळ. मग भात, त्यात भाजलेल्या शेवयांचे तुकडे. वांग्याची भाजी तेलात न्हालेली. ह्यांचं जेवण झालं! मी मात्र शनिवार पाळत नाही. मी नातवाच्या पुढ्यातला कबाब पण खाल्ला आणि लाहमाजून नावाची खिमा पसरलेली पातळ भाकरीही खाल्ली. खिमा हा शब्दसुद्धा मूळ त्यांचाच बरं का, तुर्कीतला कियमा.

जेवताना मला शाळा आठवली. मराठी शिकवताना परभाषेतून आलेल्या शब्दांचा धडा आला, की मी फळ्यावर फारसी-अरबीची यादी लिहायची आणि मुलं जांभया द्यायची. इथे भिंतीवरच्या फळकुटावर तीच यादी टांगलेली. ताजं म्हणजे ताझे. साखर म्हणजे शेकेर. हलवा तो हेल्वा. चहा तर चायच. जेवण संपलं तसं जावयांनी हवेत बोट फिरवून सांगितलं, "हेसाप." म्हणजे बिल आणा. हिशेब! शब्द मूळ अरबी, पण तो त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. आणि मुसाफिर? तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटेने चाललेला माणूस. एकाच माणसाकडे घरातून बघितलं की पाहुणा आणि रस्त्यातून बघितलं की वाटसरू.

जाताजाता सांगते, आपला तुर्कांशी संबंध अगदीच नाही असं समजू नका. फेरिश्ताने लिहून ठेवलंय, की विजापूरची आदिलशाही स्थापणारा यूसुफ हा तुर्कस्तानच्या सुलतानाचा मुलगा, जीव वाचवण्यासाठी घरातून बाहेर काढलेला, आणि तो हिंदुस्थानात उतरला तो आपल्या दाभोळ बंदरात. इतिहासकार ही कथा फारशी मानत नाहीत. राजघराण्याची कथा अशीच असते. पण दाभोळला कोणी परका उतरणं ही कथा रचणाऱ्यालाही सहज सुचण्यासारखी गोष्ट होती, हे काय कमी आहे? आज तिथे आपण धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत उभे असतो.

असो. सांगत काय होते...

चहा आला. कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यात, पैसे न घेता. दुकानात गर्दी ओसरली होती. ती खिडकीतली आजी हात पुसत आमच्या टेबलाशी आली, नातवाचा गाल ओढला आणि माझ्याकडे बघून लेकीला काही विचारलं. लेकीने जर्मनमधून सांगितलं, "ही माझी आई, शिक्षिका होती." ती बसलीच खुर्ची ओढून. मग तिचं जर्मन, लेकीचं मराठी आणि माझे हातवारे, असा तासभर गेला.

त्या बाईची गोष्ट सांगण्याआधी जरा मागचं सांगायला हवं, कारण मलाही ते आधी माहीत नव्हतं. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगार बंद झाले. पश्चिम जर्मनीतल्या कारखान्यांना माणसं हवी होती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला त्यांनी तुर्कस्तानशी करार केला. त्याआधी इटली, स्पेन, ग्रीस यांच्याशी असे करार झालेच होते. जो येईल तो दोन वर्षं काम करणार आणि परत जाणार, असा सुरुवातीचा हिशेब. म्हणून त्यांचं नाव पाहुणे कामगार. निघण्याआधी इस्तंबूलला जर्मन डॉक्टर तपासायचे, अगदी तोंड उघडायला लावून दातसुद्धा. मग आगगाडीने म्युनिक, ११ नंबरचा फलाट, आणि तिथून ज्याच्या त्याच्या कारखान्यात. १९७३ मध्ये भरती बंद झाली. तोवर माणसं रुळली होती, बायकामुलं आली. आज तुर्की मुळाची तीस लाखांच्या आसपास माणसं त्या देशात आहेत. क्रॉइत्सबेर्गच का? तर तो भाग भिंतीला लागून होता, तिथे राहायला फारसं कोणी मागत नव्हतं, म्हणून भाडं कमी.

ही बाई १९७० साली आली. एकटी. रेडिओच्या कारखान्यात. एका खोलीत सहा बायका, एकावर एक पलंग, स्वयंपाकाला मजल्यावर एकच चूल आणि पाळीने शिजवायचं. नवरा दोन वर्षांनी आला. भिंत पडल्यावर, म्हणजे १९८९ नंतर, बर्लिनमधले असे कारखाने एकेक करून बंद झाले, त्यात तिचाही गेला. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, दुसरं काय करणार? जे येत होतं ते केलं. नवऱ्याने सळई लावली, हिने पाट मांडला.

डोनर कबाबची बर्लिनमधली गोष्ट सगळीकडे सांगतात, की कादिर नुरमान नावाच्या कामगाराने १९७२ साली झू स्टेशनसमोर टपरी टाकली आणि ताटातला कबाब पावात भरून दिला. जर्मन माणसाला उभ्या उभ्या, घाईत खायचं असतं हे त्याने बघितलं होतं. आपणच पहिले असा दावा इतरही करतात. नुरमान २०१३ मध्ये वारला. पेटंट वगैरे काही घेतलं नव्हतं. (१९७२ म्हणजे आपलं कोकण कृषी विद्यापीठ दापोलीत सुरू झालं ते साल, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.) आता हा पदार्थ इतका तिथला झालाय, की २०२४ मध्ये त्याच्या वाढत्या किमतीवर तिथल्या राजकारणात चर्चा झाली आणि एका पक्षाने भाव बांधून द्या अशी मागणी केली. आपल्याकडे १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली होती, तसंच काहीसं. २०२२ साली तुर्कस्तानातल्या एका संघटनेने युरोपीय संघाकडे अर्ज केला, की डोनर कसा करायचा याचे नियम ठरवून द्या. जर्मनीने हरकत घेतली! अर्ज २०२५ मध्ये मागे घेतला गेला. दोन वर्षांसाठी बोलावलेल्या पाहुण्याच्या डब्यातला घास, त्याच्यावर यजमान हक्क सांगतो आहे. मला हे वाचून हसूही आलं आणि कुठेतरी बरंही वाटलं.

घरापासून दूर मजुरीला गेलेल्याला तुर्कीत एक शब्द आहे, गुर्बेतची. लेकीने तो मला समजावून सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, पुरे, कळलं. चाकरमानी.

आणि इथे मला आत्या आठवली.

आमची आत्या कोण ते आता भावंडांत तीन-चार जणांनाच आठवत असेल, पुढच्या पिढीला नावही माहीत नाही. तिचे यजमान लालबागला गिरणीत होते. ते क्षयाने गेले तेव्हा ती तिशीचीही नव्हती. गावी परत आली असती तर भावाच्या घरी पदर पसरावा लागला असता. ती आली नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने खानावळ चालवली. गावाकडचे चौदा मेंबर. सगळे गिरणीतले, बायकामुलं कोकणात, रात्री गाळ्यात वळकटी पसरून झोपणारे. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून जेवणं पहाटेपासून रात्री अकरापर्यंत. भाकरी, भात, डाळ, आणि कधी सुका जवळा, कधी बोंबील. महिन्याचे पैसे, जेवला नाही त्या दिवसाचा खाडा. तिला लिहिता येत नव्हतं. भिंतीवर प्रत्येक मेंबराची एक ओळ, त्यात कोळशाने खाड्यांच्या रेघा. मी अकरा-बारा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत हर्णेहून आगबोटीने तिच्याकडे गेले होते. त्या रेघा मी मोजून दाखवल्या तर ती म्हणाली, "माझी बाई हुशार आहे." बस, एवढंच. पण पुढे माझ्या शिक्षणाचा विषय निघाला, "मुलीला कशाला कॉलेज" असं घरात सुरू झालं, तेव्हा दर महिन्याला मनिऑर्डर येऊ लागली. चिपळूणला राहून मी बी.ए. झाले ते त्या मनिऑर्डरींवर. कूपनावर मजकूर दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात असायचा, कुणा मेंबराच्या असेल. "अभ्यास कर. पैसे मिळाल्याचं कळव."

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. तो संप मिटला असं कधी झालंच नाही. मेंबरांकडे पैसे कुठले? आत्याने कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. पाटल्या गेल्या, मग भांडी गेली. गिरणगावात तेव्हा अशा हजारो खानावळवाल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेची कर्जं मिळवून देण्यासाठी. आमच्या आत्यापर्यंत ते पोचलं की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी तिला बरंच काही विचारलं नाही. आणि सांगायची गोष्ट ही आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासरच्या मंडळींनी विचारलं, मुंबईच्या आत्या काय करतात? वडील गप्प बसले. मी, बी.ए. झालेली, नोकरी लागलेली मुलगी, चटकन म्हणाले, "घरीच असतात." आत्या तेव्हा आतल्या खोलीत पोह्यांच्या बशा भरत होती. तिला ऐकू गेलं असणार. लग्नात ती आली, ओटी भरली, हसली. आमच्या ह्यांनाही हे मी बर्लिनच्या त्या टेबलावर पहिल्यांदा सांगितलं, पन्नास वर्षांनी. ते काही बोलले नाहीत. चहाचा पेला फिरवत बसले. मग म्हणाले, "मला माहीत होतं गं. चाळीतल्या एकाने लग्नातच सांगितलं होतं."

आपल्याकडे ही एक विचित्र गोष्ट आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय. शंभर पान उठलं की अभिमान. अतिथी आला की देव. पण त्याच हाताने शिजवलेल्या जेवणाचे पैसे घेतले, की मान खाली. जेवू घालणं पुण्य आणि जेवणावर पोट भरणं कमीपणा, हे कसं काय? डॉक्टर पैसे घेतो, मी शिकवण्याचे पैसे घेतले, भटजी दक्षिणा घेतात. स्वयंपाकिणीने घेतले तर ती "दुसऱ्यांकडे पोळ्या लाटते". हे वाक्य मी स्वतः वर्गातल्या एका मुलाच्या आईबद्दल शिक्षकांच्या खोलीत बोललेली आहे.

लेकीच्या तिथल्या मराठी मित्रमैत्रिणी मला भेटल्या. फार गुणी मुलं. गणपतीला एकेकजण पन्नास-पन्नास मोदक करून आणतात म्हणे. त्या शहरात डोसा मिळतो, बटर चिकन मिळतं, आंब्याची लस्सी तर कोपऱ्याकोपऱ्यावर. मी विचारलं, आपलं काही का नाही मिळत, थालीपीठ, कुळथाचं पिठलं, सोलकढी? एकजण म्हणाली, "काकू, आम्ही सगळे आयटीत आहोत, वेळ कुणाला?" बरोबर आहे तिचं. हाताने काम करायला जे गेले, त्यांनी आपलं जेवण बरोबर नेलं आणि त्या गावाला वाढलं. डिग्री घेऊन जे गेले ते घरी करतात आणि घरी खातात. यात कोणाचा दोष नाही. पण मला वाटलं ते लिहिते.

आता दापोलीकडे येते, कारण हे सगळं ज्याच्यासाठी लिहायला घेतलं तो विषय तिथे आहे.

माझ्या भावाचा मुलगा, माझा भाचा, शेतकीचं शिकला, पुण्याला नोकरी केली, सोडून परत आला. २०२४ च्या गणपतीत सगळे जमलो असताना त्याने विषय काढला, की एस.टी. स्टँडपासून जवळ गाळा मिळतोय, खानावळ काढायची आहे. पर्यटकांसाठी नाही म्हणाला. मुरुड-कर्द्याला घरगुती जेवणाच्या पाट्या आता घरोघरी आहेत, त्या बायका छान करतात. त्याला करायची होती ती साधी खानावळ. एस.टी.चे चालक-वाहक, विद्यापीठातली बाहेरगावची मुलं, बांधकामावरचे गवंडी, आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी. भाकरी, भात, आमटी, एक भाजी, माशाचं एक कालवण. महिन्याचे मेंबर. "आत्या, चायनीज नाही, पंजाबी नाही," असं माझ्याकडे बघून मुद्दाम म्हणाला. त्याला वाटलं होतं मी तरी बाजूने बोलेन. घरात शिकलेली मोठी मी.

मी काय म्हणाले ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय. "एवढं शिकून लोकांची खरकटी काढणार?" सगळे हसले. तो हसला नाही. आरतीची वेळ झाली आणि विषय तिथेच राहिला.

ज्या आत्याने मला शिकवलं तिची गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. आणि त्याची आत्या मी!

हे सगळं मी लेकीला रात्री सांगितलं. ती माझ्यासारखी हळवी नाही. म्हणाली, "आई, खालच्या आजीचे गुडघे बघितलेस का? पस्तीस वर्षं उभी आहे ती. तिची नात वकिलीचं शिकते आहे, तीही त्या गल्ल्यावर बसणार नाहीये. उगाच भारावून जाऊ नकोस." खरं आहे. त्या आजीने स्वतःच सांगितलं होतं, की पहिली दहा वर्षं सुट्टी म्हणून घेतली नाही. दापोलीतही हॉटेलं उघडतात आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आत फळी लागते, ते आपण बघतोच. भाच्याची खानावळ चालेलच असं मी म्हणत नाही. मला व्यवहारातलं फार कळत नाही. ती चालली नाही तर गाळ्याचं भाडं जास्त होतं म्हणून, मेंबरांनी पैसे बुडवले म्हणून, मीठ जास्त झालं म्हणून न चालो. घरच्यांना लाज वाटली म्हणून ती उघडलीच नाही, असं नको होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या आजीकडे एकटीच गेले. भाषा नव्हतीच मध्ये. तिने लाटणं माझ्या हातात दिलं. इतकं बारीक लाटणं मला जमेना, पीठ गुंडाळलं जायला लागलं. ती खळखळून हसली. मग मी तिला खुणेने विचारलं, की थापू का? तिथल्या ओट्यावर कणकेचा गोळा घेऊन मी भाकरीसारखा थापून दाखवला. कणीक ती, भाकरीसारखी कुठली फिरायला. पण तिला कळलं काय ते. तिने पैसे घेतले नाहीत. मी "हेसाप, हेसाप" करत राहिले तर दोन्ही हात हलवून नको म्हणाली, आणि मला एकदम ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, घे पैसे.

ठेवून आले गल्ल्यावर.

परत आल्यावर भाच्याला फोन केला. तो गाळा गेला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. दुसरा एक हर्णे रस्त्याला मिळतोय, अनामत ऐंशी हजार. भाच्याच्या आवाजात फार उत्साह नव्हता. माझ्यावर विश्वास बसत नसणार, मीही बसवून घ्यायची घाई केली नाही. फक्त आत्याचं सांगितलं. भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांपासून सगळं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मेंबर चौदाच धरूया सुरुवातीला."

वहिनीला हे वाचून राग येईल हे मला माहीत आहे. तिने जरूर फोन करावा, मी ऐकून घेईन. अनामतीचं माझ्या पेन्शनमधून काय होतं ते मी बघते आहे, ह्यांची हरकत नाही. गॅस, भांडी, परवाना हे तो बघेल. अडलंय ते एकाच गोष्टीशी. तांदळाची भाकरी थापणारी बाई हवी आहे, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी. पगार ठरवून, महिन्याच्या महिन्याला, आठवड्याची एक सुट्टी धरून. दापोली, जालगाव, टाळसुरे किंवा आसपास कोणी माहितीतली असेल तर कळवा.